यादीत तिचं नाव नव्हतं

“उखाणा घे गं. मग मत दे.”

असं धाकटे वकील म्हणाले. शाळेच्या खोलीत, भर दुपारी. टेबलामागे तालुक्याच्या कचेरीतून आलेला अंमलदार बसला होता. त्याच्या बाजूला खुर्ची टाकून धाकटे वकील. पुढे माझी बायको उभी. राब भाजून, म्हणजे भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळा जाळून, तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेले. चार वेळा धुतले तरी काळेच. ते तिनं पदराखाली घेतले होते.

अंमलदारानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं होतं. ती गप्प. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाकार्यात घेतात, बायकाबायकांत, उखाण्यात गुंडाळून. परक्या पुरुषांच्या खोलीत नाही. हे त्या दोघांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घरातही तीच रीत.

“घे की. मी सुरुवात करून देतो. गवताच्या गंजीवर बसला मोर... हं, पुढचं तू.”

अंमलदार हसला. दारातला शिपाई हसला. शाळेचा मास्तर तोंडावर हात ठेवून हसला.

मी दारातच होतो. मी पण हसलो.

मला कुणी मारलं नव्हतं. कुणी हस म्हणून सांगितलं नव्हतं. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, ही सवय अंगात मुरलेली. तोंड आपोआप उघडलं. आता म्हातारा झालो. दात पडले. बायको गेली. ते हसू अजून तोंडात आहे. थुंकून जात नाही.

म्हणून लिहितो. मी दुसरीपर्यंत शिकलो. शुद्ध-अशुद्ध बघायचं असेल त्यानं इथंच थांबावं.

आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला. भाताचा तुकडा माझ्या नावावर होता, लहानसा. पावसाळ्यात तो करायचा आणि दिवाळीनंतर भाऊसाहेबांच्या वखारीवर गवत दाबायचं. डोंगरावरचं गवत कापून आणतात, यंत्रात दाबून गाठी करतात, त्या रेल्वेनं मुंबईला जातात, तबेल्यांत. तिथल्या म्हशी खातात. आमच्या बैलांना उरलेलं.

भाऊसाहेब म्हणजे कर्जतचे वकील. वखार त्यांची, भाताची गिरणी त्यांची, जिल्ह्याच्या बोर्डात निवडून जायचे तेही तेच. धाकटे वकील त्यांचा पुतण्या. काकांनी बोलायचं, पुतण्यानं करायचं, अशी वाटणी.

त्याच्या आधीच्या निवडणुकीत आमच्या गावानं भाऊसाहेबांना मतं दिली होती. सगळीच्या सगळी. पांढरी टोपी घालून आले होते. म्हणाले, वेठ बंद करतो. म्हणजे सरकारी माणूस आला की त्याचं सामान फुकट वाहायचं, साहेबांच्या घरी कार्य असलं की मांडव फुकट घालायचा, ते बंद. आम्ही खूश. निवडून आले तेव्हा झेंडूचा हार घेऊन आम्ही नऊ जण कर्जतला गेलो. चालत.

गड्यानं फाटकातच सांगितलं, “भाऊसाहेब झोपलेत. हार पायरीवर ठेवा आन् जावा.”

ठेवला. बाजार करून परत त्याच रस्त्यानं आलो तर पायरीवर शेळी उभी. हार अर्धा तिच्या पोटात. आमचा गोमा, तो कुठंही तोंड उघडायचा, म्हणाला, “बरं झालं रं. कुणाच्या तरी पोटात गेला.” आम्ही हसलो. पुढच्याच महिन्यात त्यांच्या लेकीचं लग्न निघालं आणि मांडवाला माणसं पाठवा म्हणून निरोप आला. गेलो. फुकट.

तेव्हापासून गावाचं मन मतावरून उठलं. कुणी येऊ दे, कुणी जाऊ दे. पुढची पोटनिवडणूक लागली तेव्हा आमच्या गावातून एकही माणूस मत द्यायला गेला नाही. भाऊसाहेबांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना तेच बरं होतं.

मग जर्मनची मोठी लढाई संपली. रेशन होतं, कापड नव्हतं. आणि फिटर आला.

फिटर घाटावरचा. खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रं जोडायचा म्हणून फिटर. नवा पक्ष होता त्याचा. पक्षाचं नाव लिहीत नाही, आज त्याचे तीन तुकडे झालेत आणि तिघंही आपणच खरे म्हणतात. बोर्डाच्या निवडणुकीला फिटर भाऊसाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला. ना घर इथलं, ना जात इथली, ना बोलणं इथलं. लोक तोंडावर घाटी म्हणायचे. तो म्हणायचा, “आवो घाटीच हाय मी. घाट काय लांब हाय का, डोकं वर करा, दिसतोय.”

त्याच्या पहिल्या सभेला आमच्या मारुतीपुढे अकरा माणसं होतो. त्यातली चार झोपलेली. त्यानं भाषण केलं नाही. विचारलं, “तुमच्या घरात मतं किती?”

गोमा म्हणाला, “यक. ती बी कुजली.”

“आन् वहिनीचं?”

झोपलेली चारही उठून हसली. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर सरकारी सारा लागतो त्याला. पण फिटर म्हणाला, नवऱ्याला मत असेल तर बायकोलाही मिळतं. अर्ज करावा लागतो. त्यानं पिशवीतून जुनी यादी काढली आणि वाचून दाखवली. भाऊसाहेबांची बायको यादीत. सून यादीत. वहिनी यादीत. धाकट्या वकिलांची बायको यादीत, घराच्या उंबऱ्याबाहेर कधी दिसत नाही ती, ती पण यादीत. त्यांची सगळ्यांची नावं घालून झाली होती. गुपचूप. आमच्या एकाही बाईचं नव्हतं.

कुणी हसलं नाही मग.

फिटर काही दिवसांनी अर्ज घेऊन घरोघर फिरला. माझ्या ओटीवर बसला. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं. मग म्हणाला, “दादा, वहिनींचं नाव?”

मी म्हणालो, “लिवा. माजी बायको.”

“न्हाई, नाव.”

“पोरांची आई. गावाला ठावं हाय.”

आत ती सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. मला ऐकू आलं ते थांबलेलं. मी नाव सांगितलं नाही. बायकोचं नाव चारचौघांत घेणारा पुरुष म्हणजे बाईलवेडा. मला लाज वाटली. पंचवीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं ए. ऐकलं का. बस.

फिटरनं माझ्याकडे बघितलं. दिवसभर फिरून दमला होता. पुढे सात घरं होती. त्यानं माझ्या नावापुढे लिहिलं, ‘ह्याची बायको’. आणि उठला. पुढच्या सातही घरांत तेच झालं. त्यानं कुठंही हट्ट धरला नाही. तेही लिहून ठेवतो. सगळा दोष मी एकटा घेणार नाही.

मतदान तीन मैलांवरच्या गावच्या शाळेत होतं. भाऊसाहेबांच्या बैलगाड्या फिरत होत्या. शाळेपुढच्या चिंचेखाली त्यांची कढई चढलेली. भजी आणि चहा. आमची माणसं चालत आली आणि आल्या आल्या कढईपाशी बसली.

फिटर तिथं गेला, हात जोडले. गोमा भजी खात म्हणाला, “बस रं, खा. तुजा कायदा त्या खोलीत चालतो का बगू दे आदी. बायका आत जाऊन मत देऊन आल्या तर आमी बी उठतो. नाय तर भजी हायेत.”

फिटर म्हणाला, “आन् उठला न्हाई तर?”

“तर तू घाटावर जा. आमी हायेच इथं.”

गंमत नव्हती ती. गोमा तोंडानं चेष्टा करायचा, पण चाळीस-पन्नास माणसं त्याच्या मागे बसून खरंच वाट बघत होती. बायका अकरा आल्या होत्या. पहिली कोण जाणार म्हणून एकमेकींना ढकलत होत्या. माझी बायको पुढे झाली.

मग जे झालं ते वर लिहिलंच. यादीत ‘ह्याची बायको’ होतं. धाकटे वकील म्हणाले, कोणती बायको? त्याला दोन असतील. बाईचं स्वतःचं नाव नाही, ही तीच कशावरून? निदान नवऱ्याचं नाव सांगू दे. आणि ती गप्प. आणि उखाणा. आणि हसू.

शेवटी धाकटे वकील म्हणाले, “नवऱ्याचं नाव घेता येत नाही आणि निघाली राज्य करायला. जा, चूल बघ.”

ती बाहेर आली. ओसरीवर थांबली. चिंचेखालून सगळं दिसत होतं. गोमानं धोतराला हात पुसले. “चला रं. झालं.” माणसं उठून पटके सारखे करायला लागली. फिटर नुसता उभा. त्याच्या हातात यादीचा कागद होता, त्याची सुरळी करत होता आणि सोडत होता. बाकीच्या दहा बायका भिंतीला टेकल्या.

ती माझ्यापाशी आली.

“तुमी हसला,” ती म्हणाली.

रागानं नाही. घागर गळते आहे असं सांगावं तसं. मग वळली आणि परत आत गेली.

नदीच्या पलीकडे गुरं असली की ती इकडून हाक मारायची, त्या आवाजात तिनं माझं नाव घेतलं. माझं, माझ्या बापाचं, आडनाव. चिंचेपर्यंत गेलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या दिवशी तिच्या तोंडून निघालं तेवढं बास.

“ऐकलं का? का परत सांगू?”

“ओरडतेस कशाला?” धाकटे वकील.

“तुमाला ऐकू येत नव्हतं.”

अंमलदार सरळ बसला. “बरं, बरं बाई. पटली ओळख.”

“आन् माजं नाव मथुरा. ते बी लिवा.”

“त्याची जरुरी नाही.”

“मत माजं हाय ना?”

“यादीत नाही ते मला लिहिता येत नाही. मत कुणाला?”

लिहिता न येणाऱ्यानं अंमलदाराला हळूच सांगायचं आणि त्यानं कागदावर खूण करायची, अशी पद्धत होती. हळूच म्हणजे काय, धाकट्या वकिलांचा कान तिथून वीतभर लांब. ती हळू बोललीच नाही.

“फिटर.”

अंमलदारानं खूण केली. तिनं कागद हातात घेतला, त्या काळ्या हातात, आणि पेटीत टाकला.

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला मला तीन दिवस लागले.

मी तिच्या आधी मत देऊन आलो होतो. मला सही येते, वाचता येतं, अक्षर लावून लावून. माझी खूण मीच करायची होती. पण धाकटे वकील माझ्याकडे बघून म्हणाले होते, “काय रे, वखारीवर बरं चाललंय ना?” एवढंच. दुसरं काही नाही. आणि मी भाऊसाहेबांपुढे खूण केली. जो फिटर अर्ज घेऊन माझ्या ओटीवर बसला, ज्याच्या सभेला मी पुढे बसलो, त्याला सोडून. कुणाला कळलं नसतं. कागद पेटीत गेला होता.

ती मत देऊन बाहेर आली तसा मी आत गेलो. कसा गेलो ठाऊक नाही.

“साहेब, माजं मत परत द्या.”

अंमलदाराला कळेना. “काय?”

“चुकलं. मी भ्यालो आन् भाऊसाहेबांना दिलं. मला फिटरला द्यायचं होतं. परत द्या.”

खोली पुन्हा हसली. आधीपेक्षा जास्त. धाकट्या वकिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. “अरे, मत म्हणजे उसनी कुऱ्हाड आहे काय, परत घ्यायला?”

मी हसलो नाही. तिथंच उभा राहिलो. मोठी माणसं हसत होती आणि माझं तोंड मिटलेलं होतं. जन्मात पहिल्यांदा. शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हाही मी म्हणतच होतो, परत द्या. वेडा म्हणा. मला खरंच वाटलं होतं, माणूस खरं बोलला तर देत असतील.

बाहेर सगळ्यांनी ऐकलं होतं. गोमानंही. तो माझ्याकडे आला, माझ्या तोंडाकडे बघितलं. ओसरीवर चढला आणि रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे बाकीचे. सगळे नाही. काही परत कढईकडे गेले. बायकांतल्या सात जणींनी नवऱ्याचं नाव घेतलं, कुणी रडत, कुणी भिंतीकडे तोंड करून. तिघी तशाच घरी गेल्या.

घरी जाताना ती पुढे चालत होती. ओढ्यापाशी थांबली, पाय धुतले.

“भ्यालात?”

“हा.”

“मी बी भ्याले.”

परत तो विषय आम्ही काढला नाही.

फिटर पडला. थोड्या नाही, बऱ्याच मतांनी. लोक मला समजावतात, तुझ्या एका मतानं काय होणार होतं. मला समजूत नको. वखारीवर मला घेतलं नाही. मी खोपोलीला विटा वाहिल्या. फिटरही पुढे कारखाना सोडून कुठं गेला, कळलं नाही. त्याच्या पक्षाचे मुंबईचे पुढारी एकदा आले, स्टेशनाबाहेर चहा प्याले, गाव म्हणजे पक्षाचा पाया आहे असं बोलले, आणि पुढच्या गाडीनं गेले. गावात यायला त्यांना वेळ नव्हता.

आता लोक विचारतात, बाहेरचा पक्ष येऊन आपल्यासारख्या विटलेल्यांना उठवू शकतो का? मी सांगतो. तो अर्ज आणू शकतो. यादी वाचून दाखवू शकतो, हे काही थोडं नाही, ते आधी कुणी केलं नव्हतं. पण आमच्या घरात जे आम्हीच झाकून ठेवलंय, ते त्याला उघडता येत नाही; तो नाव विचारून दमतो आणि पुढच्या घरी जातो. तिथं त्याचा कायदा लुळा पडतो. चिंचेखालची माणसं फिटरकडे बघून उठली नाहीत. एका बाईनं तोंड उघडलं म्हणून उठली. आणि तिला ते उघडावं लागलं, कारण मी माझं मिटून बसलो होतो.

ती गेल्या पावसाळ्यात गेली. थंडीताप. सहा दिवस. सातव्या दिवशी चूल पेटवायला मीच. भाकरी थापतो ती नकाशासारखी होते. खातो.

पाटलाकडे मरण नोंदवायला गेलो. त्यानं माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहायला लागला, ‘ह्याची बायको’. मी त्याचा हात धरला. शाई सांडली.

“मथुरा,” मी म्हणालो. “मथुरा लिव.”

“अरे, पण कुणाची कोण ते नको का?”

“ते मागून लिव. आदी ती.”

लिहिलं त्यानं. सबंध जन्मात तिचं नाव सरकारी कागदावर एकदाच आलं. मेल्यावर.

आता राज्य बदललं. आता सगळ्यांना मत. सारा नको, जमीन नको. नव्या याद्या करायला तलाठी गावात आला आहे. त्याच्याबरोबर फिटरच्या पक्षाचे लोक आहेत, म्हणजे त्या तीन तुकड्यांतल्या एकाचे. आणि त्यांच्यात पुढे कोण? धाकटे वकील. काकांशी पटलं नाही, इकडे आले. पुढच्या निवडणुकीला हेच उभे राहणार म्हणतात. चावडीच्या ओट्यावर बसले होते. मला नमस्कार केला.

“बाबा, जुनं काढू नका. आता आपण एका पक्षात.”

पक्षाचा सेक्रेटरी शेतकऱ्याचाच मुलगा. तोही म्हणाला, “बाबा, पक्षानं त्यांना घेतलंय.”

“पक्षानं घेतलं आसंल. मी घेतलं नाय.”

तलाठी पहिल्याच घरी अडला. बाई नाव सांगेना, नवराही सांगेना. ओट्यावरून धाकटे वकील म्हणाले, “घाला हो नवऱ्याच्या नावावर, अमक्याची बायको. घाई आहे. पुढचं पुढे बघू.” तलाठ्यानं लेखणी बुडवली.

याद्यांचा सरकारी हुकूम मी वाचून घेतला आहे, अक्षर लावून लावून. स्वतःचं नाव नसेल ती बाई बाद. धाकटे वकील वकील आहेत. त्यांना तो हुकूम माझ्या आधी ठाऊक असणार.

मी तलाठ्यापुढे जाऊन बसलो. कागदावर हात ठेवला. त्या नवऱ्याला म्हणालो, “सांग रं. मला बी लाज वाटली व्हती.” मग त्यानं नाव सांगितलं, इतक्या हळू की तलाठ्याला दोनदा विचारावं लागलं. दिवसभरात गावातली वीस घरं झाली. वीसही नावं यादीत चढली. पक्षाचे लोक माझ्यावर चिडले आहेत. वेळ खातो म्हणतात, शिस्त मोडतो म्हणतात. पक्षाच्या सभासदाची पावती परत घ्यायची असेल तर या म्हणालो, खुंटीला आहे.

उद्या वरच्या वाडीत याद्या. चढ आहे, गुडघे धरतात. मी जाणार. परवा नदीपलीकडे, तिथंही जाणार. जो पुरुष नाव सांगणार नाही त्याच्या दारातून तलाठ्याला पुढे सोडणार नाही. मग त्या बायका मत कुणालाही देवोत, त्यांचं त्या बघतील. धाकट्या वकिलांना माझं मिळणार नाही. हे मी त्यांना ओट्यासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगितलं आहे.